ठासणीच्या रायफलला दारू कोणती: सुटी काळी, वड्या की ब्लॅकहॉर्न?

अमेरिकेत हरणाच्या हंगामासाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची रायफल घेतलेल्या मराठी मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दारू किती भरू?" माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न म्हणजे "दारू कोणती?" त्याचं अर्धं उत्तर तुमच्या बंदुकीचा चाप (बार पेटवायची रचना) देतो आणि अर्धं तुमच्या राज्याचा नियम. (कोकणात शेतराखणीच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही आहेत, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली भारतात हौशी शिकारीला बंदी आहे. हे सगळं इथल्या हंगामापुरतं आहे.)

पेनसिल्व्हेनियात २६ डिसेंबरपासूनच्या हंगामात बंदूक चकमकीचीच (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) लागते. तिथे फार विचार करायचं कारण नाही, खरी काळी दारू घ्या. काळ्या दारूऐवजी मिळणाऱ्या पर्यायी दारूंना पेट घ्यायला जास्त उष्णता लागते. कानातून (नळीच्या बाजूच्या भोकातून) आत जाणारी रंजकाची (बाहेर पेटवायच्या चिमूटभर दारूची) ज्योत त्यांना पुरत नाही, मग खटका ओढल्यावर बार उशिरा उडतो किंवा उडतच नाही. नळीत २ एफ किंवा ३ एफ, रंजकाला ४ एफ (एफचा आकडा जितका मोठा तितकी दारू बारीक). बर्फाच्या दिवसांत रंजक ओलसर होते, म्हणून मी ती तासाभराने पुसून नवी घालतो.

कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात वड्याही (ठराविक मापाची दाबून घट्ट केलेली दारू) चालत नाहीत, प्लास्टिकच्या वेष्टणातली गोळीही नाही आणि दुर्बीणही नाही. म्हणजे दारू सुटी आणि नेम उघड्या माशीवर (नळीवरच्या नेमाच्या दाण्यावर). दुकानातला विक्रेता हे सांगेलच असं नाही, नियमपुस्तिका स्वतः वाचा.

आता ज्यांची रायफल .५० इंच व्यासाच्या नळीची, सरळ मागून २०९ ची टोपी (बार पेटवणारा प्रायमर) बसणारी आहे, त्यांच्यापुढे खरी निवड असते.

काळ्या दारूत सोरा ७५, कोळसा १५ आणि गंधक १० टक्के. ती सहज पेटते आणि तिच्या मापात थोडा फरक पडला तरी मार फारसा हलत नाही. मात्र काजळी दाट धरते आणि ती काजळी हवेतलं पाणी ओढते. त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुतली नाही तर गंज ठरलेला. स्फोटक म्हणून तिची नोंद कडक असल्याने पुष्कळ दुकानं ती ठेवत नाहीत. काळी दारू बनवणाऱ्या गोएक्सचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाला आणि २०२२ मध्ये नव्या मालकाकडे गेला. मधल्या काळात ज्यांनी डबे शोधले त्यांना ही टंचाई आठवत असेल.

ट्रिपल सेव्हन या पर्यायी दारूत गंधक नाही, धुणं सोपं. पण त्याच मापाला ती काळ्या दारूपेक्षा साधारण १५ टक्के जोरकस असते, म्हणून जुन्या बाराचं माप तसंच उचलू नका. तिची खरी अडचण म्हणजे बाराच्या जागेच्या जरा पुढे नळीत धरणारं कडक कडं. पुढची गोळी त्यावर अडते, आणि दारू व गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. यासाठी गजावर रिकाम्या आणि भरलेल्या नळीची अशा दोन खुणा करा आणि दर बाराला खूण पाहा. सौम्य टोपी वापरली तर कडं कमी धरतं.

वड्यांची सोय खरी आहे: थंडीत हातमोजे न काढता दोन सोडल्या की १०० ग्रेन (दारू मोजायचं एकक). पायरोडेक्स या पर्यायी दारूच्या वडीला एका टोकाला काळ्या दारूचा थर असतो, ते टोक टोपीकडे जायला हवं. नेमाच्या चाचणीत मात्र वडी हात बांधते. ५० च्या वड्यांनी ५० वरून थेट १००, तिथून १५०. रायफलला ८५ आवडत असतील तर ते तुम्हाला कधी कळणारच नाही. म्हणून मी वड्या कुणाला सुचवत नाही.

ब्लॅकहॉर्न २०९ ही पर्यायी दारू महाग आहे. तिला पूर्ण ताकदीची २०९ टोपी आणि नीट बसणारा मागचा खिळा (नळीचं मागचं तोंड बंद करणारा) लागतो. बाजूच्या चापाच्या बंदुकीत ती घालू नका. पण बारांमधे नळी पुसावी लागत नाही, त्यामुळे दहावा बारही पहिल्यासारखाच ठासता येतो. कमाल १२० ग्रेन, तेही मापाने. १०० च्या मापातली ब्लॅकहॉर्न तराजूवर साधारण ७० ग्रेन भरते, म्हणून तराजूवर १०० तोलून भरणं धोक्याचं आहे. आणि ठासणीच्या बंदुकीत आधुनिक काडतुसांची धूरविरहित दारू कधीही नाही.

चाचणी कोणत्याही सुट्या दारूची असो, रीत तीच. गोळी, टोपी, ठासण्याचा दाब यांतलं काहीही बदलायचं नाही, फक्त दारूचं माप बदलायचं. ७० ग्रेनपासून ५-५ ने चढा आणि रायफलच्या पुस्तिकेतल्या कमाल आकड्याला थांबा. ५० यार्डांवर टेकूवरून प्रत्येक मापाला तीन गोळ्या. सगळ्यात घट्ट पुंजके देणारी दोन मापं १०० यार्डांवर पाच-पाच गोळ्यांनी पुन्हा तपासा. नळी थंड होऊ द्या. डब्यातून थेट नळीत ओतू नका, आत निखारा राहिलेला असू शकतो. मापात घेऊन मगच ओता. गोल गोळी चिंधीत घालून मारणार असाल तर नळीच्या आतल्या खाचांचा पीळ सावकाश हवा, ६६ इंचाला एक फेरा असा. २८ इंचाच्या पिळाला लांबट गोळी.

पुंजका बहुधा कमाल मापाच्या बराच खाली सगळ्यात घट्ट होतो. जास्त दारूने धक्का आणि धूर वाढतो, हरणाला त्याचा फरक पडत नाही.

शिकारीत हाती एकच गोळी असते, आणि ती थंड नळीतून जाते. म्हणून माप ठरल्यावर तीन वेगवेगळ्या सकाळी फक्त एकेक गोळी मारून पाहा. आधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने पुसा, नुसती टोपी उडवा, मग बार भरा. त्या तीन भोकांवरून मला पाचांच्या सुंदर पुंजक्यापेक्षा जास्त कळतं.

वर्षाला वीसेक बार उडवणाऱ्या, २०९ टोपीच्या रायफलवाल्याला मी ब्लॅकहॉर्न घ्यायला सांगेन. चकमकवाल्याला काळी दारू. २०९ टोपीवाल्याला जवळच्या दुकानात ब्लॅकहॉर्न मिळत नसेल तर त्याने सुटी ट्रिपल सेव्हन घ्यावी, पण दर बारानंतर ओली आणि मग कोरडी चिंधी फिरवायची तयारी असेल तरच.