हेक्स राउटरवर ओएसपीएफ: पेटी छोटी, काम चोख

दोन-तीन शाखा आणि त्यांच्यामध्ये एखादी पर्यायी लिंक, एवढ्या जाळ्याला मायक्रोटिकचा हेक्स (आरबी७५०जीआर३) पुरून उरतो. पाच गिगाबिट पोर्ट, ८८० मेगाहर्ट्झचा दोन कोरचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. ओएसपीएफचे, म्हणजे राउटर एकमेकांना आपोआप मार्ग कळवतात त्या प्रोटोकॉलचे, काही शे रूट (मार्ग) त्याला जडही जात नाहीत. इंटरनेटचं पूर्ण बीजीपी टेबल (जगभरच्या मार्गांची यादी) मात्र त्याच्या गळ्यात मारू नका, तेवढी रॅम त्यात नाही.

राउटरओएस ७ मध्ये (मायक्रोटिकच्या प्रणालीची सातवी आवृत्ती) ओएसपीएफची मांडणी बदलली आहे. सहाव्या आवृत्तीतला ‘नेटवर्क्स’ टॅब गेला, त्यामुळे जुने व्हिडिओ पाहून टाइप केलेल्या कमांड चालत नाहीत. आधी इन्स्टन्स (ओएसपीएफची एक चालती प्रत), मग ०.०.०.० हा एरिया (जाळ्याचा विभाग), मग इंटरफेस टेम्पलेट (कुठल्या इंटरफेसवर ओएसपीएफ चालेल ते), असा क्रम आहे. रिकाम्या ब्रिजला (एकही पोर्ट नसलेला आभासी इंटरफेस) /३२, म्हणजे एकट्याचा, पत्ता द्या आणि तोच राउटर आयडी म्हणून हाताने भरा. एका राउटरचं कॉन्फिगरेशन दुसऱ्यात टाकलं की आयडीही तोच जातो आणि रूट येत-जात राहतात. लॅनच्या टेम्पलेटला ‘पॅसिव्ह’ची खूण हवीच, नाहीतर ऑफिसातलं कुठलंही यंत्र ओएसपीएफचा शेजारी बनून मार्गांची देवाणघेवाण करू शकतं.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो कारखान्यातून आलेला फायरवॉल. पहिला पोर्ट तो वॅन (बाहेरची बाजू) धरतो आणि लॅन यादीबाहेरून आलेलं इनपुट टाकून देतो. ओएसपीएफ टीसीपी-यूडीपीवर चालत नाही, त्याचा आयपी प्रोटोकॉल क्रमांक ८९. लिंक त्या पोर्टवर असेल तर आपल्याकडे ‘नेबर्स’ रिकामं दिसतं आणि समोरचा राउटर ‘इनिट’ या सुरुवातीच्या अवस्थेवर अडकतो. इनपुट चेनमध्ये, ड्रॉपच्या नियमाच्या वर, त्या इंटरफेससाठी ओएसपीएफला ‘अ‍ॅक्सेप्ट’ द्या.

गाडी त्यापुढच्या ‘एक्सस्टार्ट’ अवस्थेवर थांबली तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासा. एका टोकाला १५०० आणि दुसऱ्याला १४८० असेल तर ती पुढे सरकत नाही.

इंटरफेस टेम्पलेटमधल्या नेटवर्क टाइपची चूक याहून फसवी. एका बाजूला ‘पीटीपी’ (थेट दोघांतली लिंक), दुसऱ्या बाजूला मूळचाच ‘ब्रॉडकास्ट’: शेजारी ‘फुल’ (पूर्ण जोडलेला) दिसतो, पण रूट येत नाहीत. दोनच राउटर असतील तर दोन्हीकडे ‘पीटीपी’ ठेवा, डीआर (त्या जाळ्यातला प्रमुख राउटर) निवडीची ४० सेकंदांची वाटही वाचते.

हॅलो (शेजाऱ्याला खुणावण्याचं अंतर) १० आणि डेड (उत्तर नसेल तर शेजारी गेला असं धरण्याची मुदत) ४० सेकंद ही मूळ सेटिंग रेडिओ लिंकला संथ आहे. रेडिओ पडला तरी राउटरचा पोर्ट चालूच दिसतो, त्यामुळे पर्यायी मार्ग ४० सेकंदांपर्यंत रखडतो. २ आणि ८ ठेवून पाहा, पण दोन्ही टोकांना सारखेच.

रूट फिल्टर (कुठले मार्ग घ्यायचे याचे नियम) लावताना शेवटी ‘अ‍ॅक्सेप्ट’ विसरू नका. सातव्या आवृत्तीत चेनचा मूळ निकाल ‘रिजेक्ट’ आहे. आणि हे सगळं दुरून करत असाल तर टर्मिनलमध्ये आधी कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड चालू करा. मध्येच संपर्क तुटला तर बदल आपोआप मागे घेतले जातात, शाखेपर्यंतची खेप वाचते.