नळाचा पितळी व्हॅक्यूम ब्रेकर : काम चोख, पण आटे बघून घ्या

आमच्या गॅलरीतल्या नळाला पाइप बारा महिने लावलेला असतो, झाडांना, गाडी धुवायला, आणि कामवाल्या बाई त्याचं तोंड साबणाच्या बादलीत सोडून खुशाल निघून जातात, म्हणून हा ऑनलाइन मागवला. मुठीत मावेल एवढा, नळ आणि पाइपाच्या मध्ये बसतो. आत रबरी चकती नि स्प्रिंग, बाजूला भोकं. पाणी वाहतंय तोवर चकती भोकं झाकून ठेवते, लायनीतलं प्रेशर गेलं की ती मागे सरते, भोकांतून हवा शिरते आणि बादलीतलं पाणी उलटं ओढलं जात नाही. बस.

बसवायलाच खरी कटकट. वर पाऊण इंच लिहिलंय, पण माप अमेरिकन, इंचाला साडेअकरा आटे, आणि आपल्याकडच्या पाऊण इंची फिटिंगला चौदा, त्यामुळे जरा फिरतो आणि अडकतो. वर आपले नळ बहुतेक अर्धा इंची. इथल्या बडोद्यातल्या रावपुऱ्यातला हार्डवेअरवाला म्हणाला, "बेन, आवुं तो कोई मांगतुं ज नथी!" (असलं कोणी मागतच नाही!) पण शोधून शोधून ॲडॅप्टर दिला बिचाऱ्याने.

मग नीळ घेऊन टेस्ट केली. आधी ब्रेकर न लावता. गॅलरीतल्या बादलीत नीळ कालवली, पाइप बुडवला, नळ उघडाच, गच्चीवरच्या टाकीचा वाल्व बंद केला आणि खाली स्वयंपाकघरातला नळ सोडला. थोडं साधं पाणी आलं, आणि मग चक्क निळं. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, हे पितो आपण?" नंतर ब्रेकर लावून तेच केलं तर वर फुस्स आवाज आला, बादलीतली पातळी ढिम्म हलली नाही.

आपल्या बडोद्यात पाणी ठरावीक वेळेला येतं, मग लायन रिकामी, त्यात शेजारी लायनीलाच डायरेक्ट मोटर लावून खेचणारे, म्हणजे चोकडीतला, म्हणजे धुण्याभांड्याच्या जागेतला, नळ कॉर्पोरेशनच्या लायनीवर असेल तर तिथे हा आधी हवा. आजवा तलावाचं असो की मही नदीचं, शुद्ध होऊन आलेल्या पाण्यात साबण आपणच परत पाठवायचा, कमाल आहे. १९३३ साली शिकागोच्या हॉटेलांत सदोष प्लंबिंगमुळे गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून अमीबाची हगवण पसरली होती, ९८ माणसं गेली. इंग्लंडात तर १९९९ पासूनच्या नियमांत बाहेरच्या नळाला डबल चेक वाल्व (पाणी उलटं जाऊ न देणारा दुहेरी वाल्व) लागतो. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्येही पिण्याची लायन दुसऱ्या कशाला जोडू नका असं आहेच, वाचतो कोण.

ह्याच्या मर्यादा पण ऐका. पाइपाच्या टोकाला बंद होणारी स्प्रे गन असेल तर मागचा नळ चालू ठेवून रात्रभर सोडू नका, सलग १२ तासांच्या वर प्रेशरखाली ठेवायची ही वस्तू नाही. नळ बंद केला की भोकांतून थोडं पाणी गळतं, तो फॉल्ट नाही, रिटर्न करू नका. संडासातल्या जेट स्प्रेसाठी हा नाही, तिथे अँगल कॉक बंद करायची सवयच लावा.

पाइप कायम लावलेला नसेल तर घेऊ नका, नळाचं तोंड बादलीच्या काठापेक्षा चार बोटं वर राहिलं तरी काम होतं, फुकटात. असेल तर जरूर घ्या. चार स्टार, एक कापला कारण सोबतचा वॉशर इतका पातळ की दुसऱ्याच दिवशी बदलावा लागला.