नेपाळची 'अन्तरिम राहत' योजना: आमच्या दाजूंच्या घरचा अनुभव (५ पैकी २ स्टार)

हा रिव्ह्यू जरा वेगळ्या गोष्टीचा आहे, पण ही पण एक सर्व्हिसच आहे आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांना लिहायला जमत नाही म्हणून मी लिहितोय. नेपाळमध्ये माओवादी आणि सरकार यांच्यात १३ फेब्रुवारी १९९६ ला सुरू झालेलं युद्ध २१ नोव्हेंबर २००६ च्या शांतता करारानं थांबलं, साधारण १७ हजार माणसं मेली आणि तेराशेच्या वर बेपत्ता झाली. त्यांच्या घरच्यांना सरकारनं २००८ पासून पैसे द्यायला सुरवात केली, ती ही राहत. आमच्या सोसायटीत रात्रपाळीला जे आहेत त्यांना सगळे बहादूर म्हणतात, ते त्यांचं नाव नाही, मी दाजू म्हणतो म्हणजे मोठा भाऊ. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ त्या बेपत्ता लोकांमधला एक. २०११ पासून त्यांचे कागद स्कॅन करून गावी पाठवायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे फाईल मला पाठ झालीय.

भावाला जेठ २०५९ मध्ये, म्हणजे आपल्या २००२ च्या मे-जूनमध्ये, रात्री वर्दीतले लोक घरातून घेऊन गेले. त्याची बायको, म्हणजे वहिनी, तेव्हा बावीस वर्षांच्या, पोरगी दीड वर्षाची. पुढची चार वर्षं बराकी, तुरुंग, जिल्ह्याची ऑफिसं असं सगळीकडे शोधलं आणि त्या फिरण्यासाठी सावकाराकडून पैसे काढले, व्याज धरून ऐंशी हजारांवर गेले. दाजू पुण्यात आले ते हे कर्ज फेडायला.

आता पैशाचं. सुरवातीला मेलेल्यांच्या घरी १ लाख आणि बेपत्तांच्या घरी फक्त २५ हजार असा हिशोब होता. वहिनी फोनवर एकदा म्हणाल्या होत्या की मेल्याचं सांगितलं असतं तर चौपट मिळाले असते, आणि नंतर बराच वेळ बोलल्याच नाहीत. पुढे तो फरक काढला आणि हप्त्याहप्त्यानं रक्कम १० लाखांपर्यंत गेली. नेपाळी रुपये हां, आपले सव्वासहा लाख. मुलांना शाळेसाठी वर्षाला १० हजारांपासून पुढे, जास्तीत जास्त ३ मुलांना. हे सगळं खरंच हातात आलं आणि ते मी आधी सांगणार, दोन स्टार त्याचेच आहेत. सावकार सुटला, पोरगी बारावी झाली.

पण ते मिळेपर्यंत जे झालं ते ऐकवत नाही. लग्नाची नोंद नव्हती, डोंगरातल्या गावात तेव्हा कोण करत होतं, मग बायको असल्याचं सिद्ध करायला नाता प्रमाणपत्र, त्यासाठी सासऱ्यांची सही, आणि सासरे म्हणतात पैसे मुलाचे म्हणजे आमचे, सून उद्या दुसरं लग्न करून गेली तर? सासू-सासऱ्यांनी पण पोरगाच गमावलाय, त्यांना वाईट म्हणवत नाही, पण एका माणसाच्या नावावर एकच रक्कम ठेवली की घर फुटतं हे योजना करणाऱ्यांनी आधी बघायला हवं होतं. शेवटी दाजू स्वतः गेले, पुण्याहून लखनौ, तिथून रुपईडीहा, बॉर्डर ओलांडून नेपाळगंज आणि पुढे दिवसभर बस, दोन्हीकडची समजूत काढली, अर्धे अर्धे ठरले. जिल्ह्याच्या ऑफिसात नागरिकतेवर, म्हणजे नागरिकत्वाच्या दाखल्यावर, आडनाव एक आणि गावच्या सिफारिशीत, म्हणजे शिफारसपत्रात, दुसरं म्हणून परत पाठवलं. विक्रम संवतातून इंग्रजी तारीख करताना कोणीतरी एक वर्ष चुकवलं होतं, त्याचे आणखी दोन महिने गेले.

हे लिहिताना मला आपल्याकडचं आठवतं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी १ लाखाची मदत आणि त्याआधी 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवणारे कागद. यवतमाळला माझ्या आजोळी असं एक घर आहे. दारात बसलेल्या बाईला तुमचं दुःख पात्र आहे का असं विचारणं दोन्हीकडे सारखंच.

तीन स्टार कापले त्याचं सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. छळ झालेले आणि बलात्कार सोसलेल्या बायका या योजनेत धरलेल्याच नव्हत्या. वहिनींच्या गावात अशा बायका आहेत, त्यांना २५ हजार पण नाहीत. आणि नावच बघा, राहत. नुकसान भरून देण्याला नेपाळीत परिपूरण म्हणतात, तो हक्क, त्यात कोणी नेलं आणि कुठे ठेवलं हे सांगणं पण आलं. राहत म्हणजे तात्पुरता आधार. ज्या शांती मंत्रालयानं योजना चालवली ते २०१८ मध्ये बंद झालं, प्रश्न तसाच.

भावाच्या नावावरची जमीन अजून त्याच्याच नावावर आहे. १२ वर्षं पत्ता नसला की मेला असं धरता येतं, पण तसं लिहून द्यायला वहिनी तयार नाहीत. अजून सिंदूर लावतात, लाल नेसतात, गावात लोक बोलतात तरी. मी पण आग्रह धरणं सोडलं.

तुमच्याकडे कामाला असलेल्या कोणाच्या घरी असं झालं असेल तर विचारा, हळू विचारा, आणि नागरिकता, नाता प्रमाणपत्र आणि सिफारिश या तिन्हींवर नाव अक्षरन्‌अक्षर एकसारखं आहे का तेवढं बघून द्या, अर्ध्या फेऱ्या वाचतात. २०१६ मध्ये बेपत्ताची तक्रार दिली त्याची पावती दाजूंनी गेल्या महिन्यात माझ्याकडून लॅमिनेट करून घेतली, शाई उडायला लागली होती म्हणून.