गोल झाला की तुम्ही आधी कुठे बघता? प्रीमियर लीग की आयएसएल

रेफ्रींच्या निर्णयांना कंटाळलेल्या एका मित्राने परवा विचारलं, ‘नोकरी-संसारातून आठवड्याला एकच मॅच मनापासून बघता येते. प्रीमियर लीग धरू की आयएसएल?’ इंग्लंडची प्रीमियर लीग आणि आपली इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, यांची खेळाच्या दर्जात बरोबरी होत नाही, हे त्यालाही माहीत आहे. त्याचा प्रश्न एवढाच होता की मनस्ताप कुठे कमी होईल. मी दोन्हीकडे बरीच वर्षं जीव जाळला आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आधी आयएसएलची बाजू, कारण तिथली दुखणी उघड आहेत. व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीचे निर्णय तपासणारी व्यवस्था, तिथे नाही. रेफ्रीला जे दिसलं तेच खरं. 3 मार्च 2023 ला बेंगळुरूत तिथल्याच संघाच्या सुनील छेत्रीने जादा वेळेत झटपट फ्री किक मारून गोल केला, तेव्हा केरळाच्या खेळाडूंची बचावाची भिंतसुद्धा उभी राहिली नव्हती. केरळा ब्लास्टर्स मैदान सोडून निघून गेले. पुढे क्लबला चार कोटींचा दंड आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी. त्याच वर्षी डिसेंबरात अंधेरीत मुंबई सिटी आणि मोहन बागानच्या सामन्यात सात लाल कार्डं निघाली. असे सामने बघून माणूस थकतो, हे मी नाकारत नाही. शिवाय 2025-26 चा हंगाम तर वेळेवर सुरूच झाला नाही. ज्याला दर आठवड्याला ठरल्या वेळी फुटबॉल हवा, त्याने याचा विचार करावा.

व्हीएआर नसण्याची सगळ्यात खोल जखम मात्र आयएसएलमधली नाही. 11 जून 2024, दोहा, विश्वचषक पात्रतेचा सामना. भारताच्या छांगतेच्या गोलने आपण कतारविरुद्ध 1-0 ने पुढे होतो. 73 व्या मिनिटाला चेंडू गोललाइनच्या बाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि दुसऱ्याने जाळ्यात मारला. गोल दिला गेला. आपला गोलरक्षक गुरप्रीत आणि बाकीचे रेफ्रीभोवती हात हलवत राहिले. त्या फेरीत व्हीएआर नव्हता. आपण 2-1 ने हरलो आणि विश्वचषक पात्रतेची वाट तिथेच बंद झाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. कुणी म्हणालं की या एका गोलासाठी तरी व्हीएआर हवाच, तर माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

तरीही माझा कल व्हीएआर नसलेल्या आयएसएलकडे गेला. त्याचं कारण सांगतो.

प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर 2019-20 पासून आहे. सुरुवातीला मला तो मनापासून हवा होता. मग हळूहळू घरात एक गोष्ट लक्षात यायला लागली. गोल झाला की मी उडी मारायचो नाही. आधी लाइन्समनचा झेंडा बघायचो, मग रेफ्रीचा हात कानाकडे जातो का ते. खेळाडू बचावपटूंच्या पुढे, म्हणजे ऑफसाइड, होता का ते बघायला पडद्यावर रेघा आखल्या जायच्या, खांदा पुढे की बोट पुढे ते ठरायचं. दोन-तीन मिनिटांनी गोल मान्य झाला की टाळी वाजवायचो, पण ती टाळी पावती फाडल्यासारखी. एके रात्री लेक शेजारी बसली होती. गोल झाला, ती सोफ्यावरून अर्धी उठली आणि तशीच थांबून म्हणाली, ‘बाबा, हा धरायचा का?’ नऊ वर्षांची पोर. ही सवय तिला माझ्याकडूनच लागली होती. ते मला फार लागलं.

एवढं थांबून न्याय तरी पक्का मिळाला असता, तर मी ते सोसलं असतं. 30 सप्टेंबर 2023 ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियासने गोल केला. लाइन्समनने ऑफसाइड दिला, व्हीएआरच्या खोलीत तो ऑनसाइड असल्याचं दिसलंही. पण मैदानावर गोलच दिला आहे असं समजून त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ कळवलं आणि खेळ पुढे सुरू झाला. चूक लक्षात आली तोवर नियमाने मागे फिरता येत नव्हतं. लिव्हरपूल 2-1 ने हरलं. नंतर त्या खोलीतलं संभाषण जाहीर झालं, ते ऐकवत नाही.

मैदानातल्या रेफ्रीने एकदाच, पळता पळता, तीन जणांच्या गर्दीतून बघितलेलं असतं. तो चुकला की मी चिडतो, पण सोमवारपर्यंत सोडून देतो. सगळे कॅमेरे समोर असताना झालेली चूक मात्र मला सोडवत नाही. कदाचित हा माझा स्वभाव असेल.

न्यायाने बोलायचं तर प्रीमियर लीगमध्ये चेंडू रेघ ओलांडून गेला का ते सांगणारं गोललाइनचं तंत्र 2013 पासून आहे आणि एप्रिल 2025 पासून ऑफसाइडच्या रेघाही अर्ध्या आपोआप आखल्या जातात. 2024 मध्ये तिथल्या एका क्लबने, वुल्व्ह्‌सने व्हीएआर काढून टाकण्याचा ठराव आणला, तो 19 विरुद्ध 1 मतांनी पडला. म्हणजे क्लबांना तो हवाच आहे. ज्याला चुकीचा निकाल अजिबात सहन होत नाही, त्याने तिकडेच राहिलेलं बरं. तिथे चुका कमी होतात, हे मलाही मान्य आहे.

पण गेल्या खेपेला लेकीला अंधेरीला घेऊन गेलो होतो. आमच्या समोरच्याच बाजूला एक गोल झेंड्यामुळे गेला. माझ्या मते तो ऑनसाइड होता, मागच्या रांगेतल्या काकांच्या मते तर दोन हात ऑनसाइड. सगळा स्टँड पाच मिनिटं ओरडत होता. उत्तरार्धात पुन्हा चेंडू जाळ्यात गेला आणि या वेळी झेंडा खाली राहिला. मी वळून बघेपर्यंत पोर खुर्चीवर उभी होती, घसा फाडून ओरडत होती. धरायचा का, हे तिने विचारलं नाही.

मित्राला मी सांगितलं, प्रीमियर लीगचे ठळक क्षण रविवारी सकाळी चहाबरोबर बघ, तोवर सगळ्या तपासण्या झालेल्या असतात. मुंबईचा घरचा सामना असला की मेट्रोने आझादनगरला उतर आणि मैदानाच्या जितक्या जवळची जागा मिळेल तितकी घे. झेंडा स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवा.