रोटोरुआ की टाउपो? मुलाबाळांसह उन्हाळी सुट्टीचा मुक्काम ठरवताना

न्यूझीलंडमध्ये उन्हाळा येतो डिसेंबर-जानेवारीत. शाळांना सुट्टी लागते आणि ऑकलंडच्या कितीतरी मराठी घरांत त्याच सुमारास भारतातून आजी-आजोबा आलेले असतात. मग प्रश्न पडतो: तळी आणि ज्वालामुखी बघायला मुक्काम रोटोरुआला करायचा की टाउपोला? दोन्ही एकाच ज्वालामुखी पट्ट्यात, मध्ये जेमतेम ऐंशी किलोमीटर. चार दिवस हाताशी असतील तर दोन-दोन वाटून टाकायचा मोह होतो. मी तसं करू नका म्हणेन, कारण पुढे येईलच.

रोटोरुआत जमीन डोळ्यांदेखत उकळते. गावात शिरताच गंधकाचा वास येतो. मुलं नाक मुरडतात, पण लवकरच सरावतात. फाकारेवारेवाच्या खोऱ्यात पोहुतूचं गरम पाण्याचं कारंजं दिवसातून अनेकदा उसळतं, कधी तीस मीटरपर्यंत. रोटोरुआजवळच्या वाय-ओ-तापूला लेडी नॉक्स हे कारंजं रोज सव्वादहाला साबण टाकून उडवतात. साबणामुळे वरचं थंड आणि खालचं तापलेलं पाणी एकमेकांत मिसळतं आणि फवारा उठतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगण्यासारखं आहे, उगाच खोटं म्हणून नाक उडवू नका. पायवाटा बऱ्याचशा सपाट, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजींनाही झेपतात. धाडस हवं तर डोंगरउतारावरून घसरत येणारी चाकांची ल्यूज गाडी, रेडवुडच्या जंगलात सायकली, आणि तेरा वर्षांवरील मुलांना कायतुना नदीत सात मीटरच्या धबधब्यावरून राफ्टिंग.

वायमांगूचं खोरं मात्र चुकवू नका. 10 जून 1886 च्या रात्री तारावेरा ज्वालामुखी फुटला, ते वायरोआ हे गाव राखेखाली गेलं आणि त्याच स्फोटातून हे खोरं जन्मलं. इथलं एकूण एक झाड त्यानंतरचं आहे. तिथून चालताना मुलं आपोआप प्रश्न विचारू लागतात.

टाउपोला ज्वालामुखी दिसत नाही, कारण आपण त्याच्याच काठावर उभे असतो. 616 चौरस किलोमीटरचं हे तळं म्हणजे साधारण साडेपंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटानंतर खचलेला खड्डा. उन्हाळ्यात त्यात पोहता येतं, कयाक या छोट्या होडीने माइन बेच्या कातळातल्या माओरी (इथले मूळ रहिवासी) शिल्पापर्यंत जाता येतं. हुका धबधबा फुकट बघायला मिळतो. जवळच ओटुमुहेके ओढ्याचं ऊन पाणी वायकाटो नदीत उतरतं, तिथे डुंबायलाही पैसे लागत नाहीत. गरम पाण्यात डोकं मात्र कुणीच बुडवायचं नाही. नाकात पाणी गेलं तर त्यातला अमीबा जीवघेणा ठरू शकतो. हे दोन्ही गावांना लागू.

आणि टाउपोहून गाडीने सव्वा-दीड तासावर टोंगारिरो. 1887 पासूनचं हे न्यूझीलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. सुमारे वीस किलोमीटरचा क्रॉसिंग ट्रेक सहा ते आठ तास घेतो आणि 1886 मीटरवरच्या रेड क्रेटर या ज्वालामुखीच्या मुखाच्या कडेने जातो. राजगड-तोरणा करणाऱ्यांना चढाचं काही वाटणार नाही. खरी परीक्षा वाऱ्याची आणि क्रेटरनंतरच्या भुसभुशीत उताराची. वाटेत पिण्याचं पाणी मिळत नाही. पाचूच्या रंगाची तळी माओरींसाठी पवित्र आहेत, त्यांत हात-पाय घालायचे नाहीत. उन्हाळ्यात सुरुवातीच्या पार्किंगमध्ये गाडी दिवसभर ठेवता येत नाही, म्हणून ने-आण करणारी शटल बस आधीच ठरवा.

इथेच तो वाटणीचा प्रश्न येतो. भर जानेवारीतही वर ढग आणि बोचरा वारा असू शकतो, मग शटल रद्द होतात. टाउपोत चार रात्री असतील तर आजचं उद्यावर ढकलता येतं. दोनच असतील तर ट्रेक हातचा जातो.

मुलं दहा-बारा वर्षांच्या पुढची आणि चालायची सवय असलेली असतील, तर माझं मत नि:संशय टाउपो. वेळ मिळाल्यास वायमांगूला एका दिवसात जाऊन येता येतं. आजी-आजोबा सोबत असतील किंवा धाकटं पाच-सहा वर्षांचं असेल, तर रोटोरुआच घ्या. घरात दोन्ही असतील, म्हणजे एक दमदार मुलगी आणि एक सत्तरीचे आजोबा, तर टाउपोला राहा: ट्रेकच्या दिवशी एक पालक मुलीसोबत जाईल, बाकीचे तळ्याकाठी. किंवा सगळ्यांनी मिळून टोंगारिरो उद्यानातल्या फाकापापा गावाहून तारानाकी धबधब्याचा सहा किलोमीटरचा फेरा करावा. दोन तासांत होतो आणि आकाश मोकळं असेल तर नाउरुहोए ज्वालामुखीचा शंकू वाटेवरून दिसतो.