लेकीच्या फ्रीस्टाइलसाठी घेतलेला समोरचा स्नॉर्केल: 8 महिन्यांनंतर

हा स्नॉर्केल, म्हणजे तोंड पाण्यात असताना श्वास घ्यायची नळी, जूनमध्ये घेतला, आता फेब्रुवारी संपत आलाय. आठवड्यातून 4 दिवस पहाटे साडेपाचला दादरचं घर सोडून टँकवर, म्हणजे वापर भरपूर झालाय.

आधी दुखणं सांगते. लेक 9 वर्षांची. फ्रीस्टाइल जोरात मारायची, पण श्वासासाठी मान कुशीवर वळवण्याऐवजी डोकंच वर काढायची. डोकं वर गेलं की कंबर बुडते, आणि सगळी किक अंग तरंगतं ठेवण्यातच संपते. त्यात डावा हात नाकासमोरून पार उजवीकडे. सर रोज सांगायचे, ती रोज मान डोलवायची, पाण्यात शिरली की पहिले पाढे पंचावन्न.

हा मालवणला मासे बघायला देतात तसला, कानाजवळून जाणारा नव्हे. याची नळी कपाळावरून मधोमध वर जाते. श्वासाची काळजी नसल्यामुळे डोकं स्थिर राहतं, नजर तळाशी, आणि स्वतःचे हात स्वतःला दिसतात. तिसऱ्याच दिवशी काठाला येऊन ओरडली, "आई, माझा डावा हात कुठच्या कुठे जातो गं!" जसं काही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पहिली चूक माझी. वाढत्या अंगाचा म्हणून मोठ्यांच्या मापाचा आणला. मोठ्या नळीत सोडलेलीच हवा बरीचशी परत ओढली जाते. 2 लॅपमध्ये पोरगी धापा टाकायला लागली. मग लहान मुलांचा आणला.

ऑगस्टपर्यंत नळी लावून इतकी सुरेख पोहायला लागली की मी साताऱ्याला आजीला व्हिडिओ पाठवले. आणि नळी काढली की डोकं पुन्हा वर! नळीने मान सरळ केली होती, श्वास घ्यायला शिकवलंच नव्हतं. सर म्हणाले, "ताई, शर्यतीत नळी चालत नाही. काढल्यावर जे पोहते, ते तिचं." तेव्हापासून 2 लॅप नळीने, लगेच 2 नळीशिवाय. मध्ये कुशीवर किक: एक हात पुढे ताणलेला, खालचा कान पाण्यात, श्वास घेताना एकच डोळा पाण्याबाहेर. "एक डोळा!" एवढंच मी काठावरून ओरडते. (बाकीच्या आया माझ्याकडे बघतात, बघोत.) दिवाळीनंतर फरक दिसला. 25 मीटरला 31 वेळा हात मारावे लागायचे, आता 26. वेळ जेमतेम 2 सेकंदांनी कमी झाली, पण शेवटच्या 10 मीटरमध्ये दम उरतो.

ब्रेस्टस्ट्रोकला (बेडकासारखं पोहतात ते) आम्हाला याचा काडीचा उपयोग झाला नाही. तिथे तिचं उजवं पाऊल बाहेर वळायचंच नाही. ते घरी दिवाणावर पालथं झोपवून, पावलं हातात धरून वळवून घेतलं. डिसेंबरमध्ये एका स्पर्धेत टर्नला, म्हणजे भिंतीशी वळताना, एक हात आधी टेकला म्हणून बाद झाली. दोन्ही हात एकदम टेकले पाहिजेत हा नियम मला पाठ होता, पण तिच्याकडून घोटून घ्यायचं ना मला सुचलं, ना कुणाला. परतीच्या लोकलमध्ये एक शब्द बोलली नाही.

तक्रारी दोन. सिलिकॉनच्या टोपीवरून पट्टा घसरतो. आधी पट्टा आणि वर टोपी असं केलं की थांबतो. दुसरी आपल्या पावसाळ्याची: ओला तसाच पिशवीत राहिला आणि आठवड्यात नळीत काळे ठिपके. आता साध्या पाण्याने धुऊन, बाटलीच्या ब्रशने घासून पंख्याखाली टांगते. तोंडात धरायचा भाग तिने चावून चावून फाडला, तो मात्र सुटा मिळतो.

शेजारची परवा तिच्या 6 वर्षांच्या मुलासाठी मागायला आली होती. तो अजून तोंड पाण्यात घालायला घाबरतो. मी दिला नाही. म्हटलं, आधी घरी बादलीत नाकाने बुडबुडे काढायला लाव, मग बघू.