आठ महिने, साडेसहाशेचा स्कॅनर आणि अधूनमधून रेस सोडणारी पिकअप

गेल्या जूनच्या शेवटी साडेसहाशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारा डबा) मागवला. आता फेब्रुवारी चालू आहे. खोक्यावर छापलं होतं, गाडीतला कुठलाही बिघाड मोबाईलवर ओळखा. तसं काही होत नाही. पण हा काडेपेटीएवढा डबा नसता तर मी रेसचं आणखी एक पेडल नक्की विकत घेतलं असतं, हेही खरं.

गाडी २०१७ ची पिकअप, बीएस ४, कॉमन रेल डिझेल, केए २२ पासिंग. मीटरवर दोन लाख चौदा हजार. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण ही भानगड कुठल्याही कंपनीच्या गाडीत होऊ शकते. आमचा धंदा म्हणजे बेळगावच्या एपीएमसीतून कोबी, मिरची, रताळी भरायची आणि रात्री चोर्ल्यातून साखळीमार्गे म्हापशाला पोचवायची. मधूनच कोल्हापूरची फेरी. पहाटे बाजार लागायच्या आत गाडी पोचली नाही तर भाव गेला, एवढा साधा हिशोब.

पहिला झटका जूनच्या पहिल्या पावसात बसला. जांबोटी सोडून कणकुंबीच्या अलीकडे, गाडीत सव्वा टन कोबी. वळणावर तिसरा टाकला, रेस दाबली आणि काहीच नाही. इंजिन बंद पडलं नाही, धूर नाही, खडखड नाही. पेडल पार तळाला दाबलं तरी इंजिन आपलं बाराशेवर गुरगुरत बसलेलं आणि डॅशवर पिवळी चेक लाईट. बाजूला घेतली, चाकाला दगड लावला, किल्ली बंद केली. वीसपर्यंत मोजून परत चालू केली तर गाडी नव्यासारखी. पुढे म्हापशापर्यंत गेलो, परत आलो, काही नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. चालत्या गाडीत किल्ली बंद करून बघायचा मोह होतो, तो करू नका. इंजिन थांबलं की ब्रेकला व्हॅक्यूम मिळायचा बंद होतो, पॉवर स्टेअरिंग जड होतं, आणि किल्ली जास्त मागे गेली तर स्टेअरिंग लॉकही बसू शकतं. घाटात हे नको. बाराशेवर पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगत रांगत बाजूला येते, तेवढं पुरे.

आमच्या बाबांच्या गाडीला रेसची केबल होती. एकदा तवंदी घाटात ती तुटली, तर बाबांनी सुतळी बांधली, खिडकीतून हाताने ओढत निपाणी गाठली. तेव्हा बिघाड डोळ्यांना दिसायचा. आताच्या डिझेलला केबलच नाही. पेडलच्या आत दोन सेन्सर असतात. ते ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, व्होल्टेज पाठवतात आणि किती डिझेल सोडायचं ते ईसीयू ठरवतो. दोन अशासाठी, की एकाने खोटं सांगितलं तर दुसऱ्याशी ताडून बघता यावं. माझ्या गाडीत पाय उचललेला असताना पहिला ०.७५ व्होल्ट देतो आणि दुसरा त्याच्या निम्मे. पूर्ण दाबल्यावर पहिला ३.८ च्या आसपास, दुसरा १.९. ही निम्म्याची जोडी तुटली की ईसीयू पेडलचं ऐकायचंच सोडतो आणि इंजिन एका ठरलेल्या आरपीएमवर धरून ठेवतो. माझी बाराशेची गुरगुर ती हीच. पण हे सगळं मला नंतर कळलं.

सुरुवातीला सगळ्यांचं एकच म्हणणं, डिझेलमध्ये कचरा असेल. फिल्टर बदलला, खालचं पाणी सोडलं. आठ दिवसांनी परत तेच. तेव्हा डोक्यात यायला हवं होतं की फिल्टर चोंदला असता तर गाडी चढाला दमली असती, हळूहळू ओढ कमी झाली असती. किल्ली फिरवून लगेच चोंदलेला फिल्टर मोकळा होत नाही. किल्लीने बरा होणारा आजार बहुतेक वेळा वायरीत नाही तर सेन्सरात असतो.

मग स्कॅनर आला. स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात घातला, मोबाईलवर अ‍ॅप टाकलं, किल्ली ऑन. पहिल्या दिवशी जोडणीच होईना. ब्लूटूथमध्ये आधी पिन १२३४ देऊन जोडायचं आणि मग अ‍ॅपमध्ये तोच डबा निवडायचा, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. जोडला गेल्यावर कोड आला पी २१३८. अर्थ असा की पेडलच्या दोन सेन्सरांचं एकमेकांशी जुळत नाही.

मी तो कोड घेऊन गॅरेजला गेलो. मेस्त्रींनी मोबाईल बघितला आणि म्हणाले, "पेडलच गेलंय बघा, बदलून सोडूया की." तीन हजार सहाशेचं नवीन पेडल बसलं. सतरा दिवस गाडी एकदम झकास. मी गावभर सांगत सुटलो की स्कॅनर घ्या, साडेसहाशेत काम होतं.

अठराव्या दिवशी संकेश्वर सोडून तवंदीकडे निघालो होतो. खड्ड्यात चाक आपटलं आणि रेस गेली. तिथल्या गॅरेजवाल्याने जुना कोड ऐकून बघण्याआधीच सांगितलं, "पेडल होग्याद री," म्हणजे पेडल गेलंय. म्हटलं अण्णा, सतराच दिवस झालेत घालून. तो म्हणाला, मग डुप्लिकेट असेल. खरं तर त्या वेळी स्कॅनरवर नवीन कोड आलेला होता, पी २१२८. मी तो वाचला, "पेडल सेन्सर" एवढेच शब्द बघितले आणि पुढचा शब्द सोडला. पुढचा शब्द होता "हाय".

तो शब्दच सगळं सांगत होता. दुसऱ्या सेन्सरचं व्होल्टेज जास्त येतंय. सेन्सरला तीन वायरी असतात: पाच व्होल्टची, अर्थची (मायनसची) आणि सिग्नलची. पाच व्होल्ट येणं बंद झालं तर सिग्नल खाली पडतो आणि कोड "लो" येतो, पी २१२७. अर्थ सुटली तर सिग्नलला खाली ओढणारं कुणी राहत नाही, तो पाचकडे चढतो आणि कोड "हाय" येतो. म्हणजे संशय घ्यायचा तो अर्थच्या वायरीवर. आणि ती अर्थ पेडलच्या बाहेर, गाडीच्या वायरिंगमध्ये. पेडल दहा वेळा बदललं तरी ती तिथेच. मग सतरा दिवस गाडी नीट का चालली? पेडल बदलताना सॉकेट काढून परत दाबून बसवलं, त्यात तो संपर्क तात्पुरता घट्ट झाला, म्हणून. सुटा भाग बदलल्यावर बरं वाटलं तरी सॉकेट हलवण्याचा गुण किती, हे धरूनच चालायला पाहिजे.

स्कॅनरच्या मर्यादा इथेच लागल्या. अ‍ॅपमध्ये दोन्ही सेन्सर टक्क्यांत दिसतात: माझ्या गाडीत पाय वर असताना १५ आणि साडेसात. मोबाईल डॅशवर चिकटवून भावाला बघत बसवलं आणि जांबोटी रोडवर चार फेऱ्या मारल्या. रेस गेली दोनदा, पण आकड्यात काही सापडलं नाही. कारण हा स्वस्तातला डबा एका सेकंदात चार-पाचदाच वाचतो, आणि सोबत दहा गोष्टी निवडल्या तर दोन सेकंदांनी एकदा. सेन्सरचा झटका डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन जातो. ईसीयूला तो दिसतो, मोबाईलला नाही. फ्रीझ फ्रेमचा, म्हणजे कोड पडतानाच्या आकड्यांच्या नोंदीचा, मात्र उपयोग झाला: कोड पडला त्या क्षणी वेग २२, इंजिन गरम. म्हणजे पावसाशी थेट संबंध नाही, खराब रस्त्याशी आहे. रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब, तोही स्कॅनरवर बघता आला. रेस गेलेली असतानाही तो जागचा हलला नव्हता, तेव्हा डिझेलचा विषय कायमचा संपला.

मध्ये गणपती आले. गाडी नऊ दिवस उभी, आणि स्कॅनर मी सॉकेटातच विसरलो. त्या सॉकेटात किल्ली बंद असली तरी बॅटरीचा करंट चालूच असतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी स्टार्टर नुसता टक टक. जंपर लावून चालू केली तर नसलेले चार कोड आणखी आले, सगळे कमी व्होल्टेजमुळे. त्यामुळे बॅटरी बसलेली असताना वाचलेल्या कोडवर विश्वास ठेवू नये, आणि काम झालं की डबा काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकावा.

खरं निदान झालं ते ऑक्टोबरात, ऑटोनगरमधल्या एका वायरिंगवाल्याकडे. वय साठीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी आधी काय केलं असेल तर गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून, पेडलचं सॉकेट उपसून काढलं. इंजिन लगेच बाराशेवर गेलं, पिवळी लाईट लागली. "हाच आवाज काय?" मी म्हटलं, हाच. मग म्हणाले, "तर मग बाकीची गाडी सोड. हे सहा वायरीचं काम."

सॉकेट परत लावलं. मल्टीमीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला, लाल वायरीला घरच्या शिलाई मशीनची बारीक सुई बांधून सॉकेटच्या मागून, रबराच्या कडेने, दुसऱ्या सेन्सरच्या अर्थ पिनेपर्यंत. वायरीचं कव्हर फोडलं नाही, ते फोडलं की पुढच्या पावसाळ्यात आत हिरवं चढतं. किल्ली ऑन, मीटरवर ०.०२. बरोबर. मग त्यांनी दोन बोटांनी वायरीचा जुडगा धरून, दार वाजवावं तसा हळू हलवला. ०.०२, ०.०२, ०.४१, ०.०२, ०.३८. मी चार महिने ज्याच्या मागे होतो ते मीटरच्या काचेत नाचत होतं.

सॉकेट काढून टॉर्च लावून आत बघितलं. सहा भोकं, आत सहा मादी पिना. त्यांनी भंगारातल्या सॉकेटची एक सुटी नर पिन घेतली आणि एकेका भोकात घालून ओढून बघायला लावलं. पाच भोकांत पिन चावल्यासारखी धरली. सहाव्यात अशी गेली जशी विहिरीत बादली. आतल्या पिनेचं तोंड फाकलेलं, आणि कडेला शेवाळासारखा हिरवा थर. काचेच्या रबरातून पाणी झिरपून वायरीवरून उतरत होतं, तेही सापडलं. "कोण गा खुपसलं ह्यात?" म्हणाले. कुणीतरी कधीतरी टेस्ट लॅम्पचं जाड टोक त्या भोकात घातलेलं. मला आठवतं ते एवढंच, दोन वर्षांपूर्वी गाडीत गाण्याचा डेक बसवला होता आणि त्या पोराने खाली वाकून बारा व्होल्ट शोधत बराच वेळ काढला होता. त्यानेच केलं असं मी म्हणत नाही, पण आता टेस्ट लॅम्प घेतलेला माणूस डॅशखाली शिरला की मी मागे उभा राहतो.

पिन नवीन घातली, क्रिम्प केली, स्लीव्ह चढवली, जुडगा पेडलच्या दांड्यापासून लांब बांधला, काचेच्या रबराला सीलंट भरलं. सगळं मिळून चारशे ऐंशी रुपये. तीन हजार सहाशे वर गेले ते गेले. दुकानात पाटी आहेच, इलेक्ट्रिकल सामान परत घेतलं जात नाही.

आता स्कॅनरबद्दल. घ्यावा का? घ्यावा, जर कोड अख्खा वाचायची तयारी असेल तर. कुठल्या सर्किटची तक्रार आहे ते तो सांगतो, कुठला भाग आणायचा ते नाही. लो की हाय, तेवढा एक शब्द वाचला असता तर माझी ऑक्टोबरपर्यंतची वणवण वाचली असती. कोड पुसायचं बटण सगळ्यात धोक्याचं. पहिल्या महिन्यात मी ते दर वेळी दाबलं आणि फ्रीझ फ्रेमची माहिती स्वतःच्या हाताने घालवली. आधी स्क्रीनशॉट, मग पुसणं. कंपनीचे खास कोड यावर नीट कळत नाहीत, इंजेक्टरचं काम होत नाही, त्याला गॅरेजचा मोठा स्कॅनरच लागतो. डब्याचं प्लॅस्टिक डिसेंबरात कडेला तडकलं, चिकटपट्टीवर चालू आहे. आणि त्यासोबत चारशेचा एक मल्टीमीटर घ्याच. दोन्हींपैकी एकच घ्यायचं झालं तर मी मीटर घेईन.

डिसेंबरात खात्री करायला म्हणून जुनं, फेकायला काढलेलं पेडल परत बसवलं. तेव्हापासून चोर्ल्याच्या फेऱ्या धरून दहा हजार किलोमीटर झाले, पिवळी लाईट एकदाही लागलेली नाही. नवीन पेडल सीटच्या मागे, रताळ्याच्या पोत्यात गुंडाळून ठेवलंय. कुणाला पाहिजे असेल तर सतराच दिवस वापरलेलं आहे.